घरच्या फाइल सर्व्हरला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? (अट एकच: त्याची सेवा करायची नाही)

खाडीपार | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, जरा सल्ला हवाय.

घरी (ऐरोली) एक जुना डेस्कटॉप पडून आहे. सहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क दिवाळीत घेऊन ठेवल्यात, त्या अजून खोक्यातच आहेत. ठेवायचं काय, तर पंधरा-सोळा वर्षांचे फोटो, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, बाबांचे स्कॅन केलेले सातबारे आणि पेन्शनचे कागद, आणि सोसायटीचा सेक्रेटरी झाल्याचं प्रायश्चित्त म्हणून अकरा वर्षांची इतिवृत्तं. सगळं मिळून सव्वा टीबी. गूगल फोटोजचं फुकट अमर्याद प्रकरण १ जून २०२१ ला बंद झालं, ते १५ जीबी केव्हाच भरले, आणि दर महिन्याला भाडं भरायचं जिवावर येतं.

वापरणार मी, बायको (विंडोज), लेक (फोन आणि टीव्ही), आणि ठाण्यातल्या नौपाड्यातून आईबाबा.

हा उद्योग मी पूर्वी एकदा केलाय. कुठलं सॉफ्टवेअर ते सांगत नाही, चूक माझीच होती. त्यात एका क्लिकवर अ‍ॅप्स टाकता यायची. मी चौदा टाकली. वापरात होती तीन. एका रविवारी जेवून उठलो, अपडेटचं बटण दाबलं आणि वामकुक्षी घ्यायला गेलो. उठलो तर काहीच उघडेना. रात्री दीड वाजला. फोटो वाचले, पण बायकोने तेव्हा विचारलेलं अजून टोचतं: "हे तू आमच्यासाठी करतोयस की स्वतःसाठी?"

तर या वेळी ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट, अनरेड (तिन्ही फाइल सर्व्हरसाठीच बनवलेली), की साधं लिनक्स? महिनोन्‌महिने लॉगिन करावं लागू नये एवढीच इच्छा आहे.

ताकभात | शनिवार, रात्री १०.५२

घरासमोर ठाणे-बेलापूर रस्त्यावर ओळीने डेटा सेंटरं, आणि माणूस घरात सर्व्हर लावतोय. याला म्हणतात स्वदेशी.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शेवटचा_डबा | शनिवार, रात्री ११.१५

ट्रूनॅस. विषय संपला.

बरं, कारणं देतो. ट्रूनॅस झेडएफएसवर (डिस्कवर फायली मांडायच्या एका पद्धतीवर) चालतं. त्यात प्रत्येक ब्लॉकची बेरीज (चेकसम) लिहून ठेवलेली असते. डिस्कने गुपचूप एखादा बिट बदलून दिला तर वाचताना ते पकडलं जातं, आणि दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर एकच डेटा) असेल तर चांगली प्रत दुसरीकडून घेऊन आपोआप दुरुस्ती होते. महिन्यातून एकदा स्क्रब लावून ठेवायचं, म्हणजे सगळी डिस्क तपासली जाते. शिवाय स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळची स्थिती जपून ठेवलेली. लेकीने चुकून फोल्डर उडवला तर कालचा परत. पंधरा वर्षांचे फोटो म्हणताय, तर त्यातला एखादा फोटो अर्धा करडा झालेला तुम्हाला पाच वर्षांनी कळेल आणि तोवर बॅकअपमध्येही तोच करडा गेलेला असेल. हे बाकी कुठलं सॉफ्टवेअर थांबवणार आहे?

८ जीबी रॅम ही त्यांची किमान अट आहे आणि तुमच्याकडे तेवढी आहे. "एका टीबीला एक जीबी रॅम" वगैरे जे फिरतं त्याकडे घरच्या वापरासाठी लक्ष देऊ नका. एसएसडी मात्र अख्खी बूटसाठी (मशीन सुरू करण्यासाठी) जाईल, तिच्यावर डेटा ठेवता येत नाही.

माझा घोडबंदरचा डबा सहा वर्षं चालू आहे.

पारसिक | रविवार, सकाळी ८.०५

सहा वर्षांत त्याच डब्यावर फ्रीनॅसचं ट्रूनॅस झालं ना हो? २०२० मध्ये नाव बदललं. मग त्याची फ्रीबीएसडीवरची कोअर ही आवृत्ती मागे पडली आणि डेबियन या लिनक्सवरची स्केल पुढे आली. त्यातली अ‍ॅप्स आधी कुबरनेटीस नावाच्या यंत्रणेवर होती, २०२४ च्या ऑक्टोबरात डॉकर नावाच्या दुसरीवर आली. प्रत्येक वळणावर लोक रात्री जागलेत. मी त्यातलाच एक, म्हणून बोलतोय.

आता कळव्याला रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट आहे. यूएसबीची एक डिस्क. ब्राउझरमधून सगळं होतं. वीज नगण्य. एकच सांगतो, यूएसबी डिस्क असेल तर तिला स्वतःचा वीजपुरवठा द्या. पायच्या पोर्टवरून डिस्क चालवली की मधेच ती गायब होते आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

शेवटचा_डबा | रविवार, सकाळी ८.३१

@पारसिक, मी अ‍ॅप्स टाकलीच नाहीत. फक्त फायली. मला ती वळणं लागलीच नाहीत. चौदा अ‍ॅप्स टाकली की कुठलंही सॉफ्टवेअर सेवा मागणारच.

निवांत_नौपाडा | रविवार, सकाळी ९.२०

आमच्यासारख्या निवृत्तांनी काय करावं? मी सरळ दोन डिस्कचा तयार डबा विकत आणला. पाच वर्षं अगदी नावाप्रमाणे निवांत. मग एके दिवशी डबा गेला. डिस्क दोन्ही ठणठणीत, पण त्या पीसीला लावल्या तर विंडोज म्हणे "फॉरमॅट करू का?" मुलाने बंगळुरूहून फोनवर लिनक्सचा पेनड्राइव्ह करायला लावला, तेव्हा कुठे फोटो दिसले. तीन दिवस बीपीची गोळी दुप्पट. (डॉक्टरांना सांगू नका.)

म्हणून माझा एकच प्रश्न असतो: पेटी मेली तर डिस्क काढून दुसरीकडे वाचता येते का?

मधली_सुट्टी | रविवार, दुपारी १.४५

काकांनी लाख बोललात.

मी दिवसभर महापेला दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. घरी आल्यावर सर्व्हरचं तोंड बघायची इच्छा नसते. त्यामुळे "कमी देखभाल" या विषयात माझा थोडा अधिकार आहे असं समजा.

या चर्चेत सगळे सॉफ्टवेअरचे गुण सांगतायत. पण ज्या मशीनला हात लावावा लागत नाही, त्याचं सगळं आपण विसरतो. पासवर्ड, कुठली डिस्क कुठे जोडली, बॅकअप किती वाजता, सगळं. दोन वर्षं काही होत नाही, आणि होतं तेव्हा मशीनसमोर बसलेला माणूस हा ते बसवणारा तुम्ही नसताच, सगळं विसरलेला तुम्ही असता. निवड त्या माणसासाठी करा. त्याला झेडएफएसच्या कमांड आठवणार आहेत का? मला रोजच्या कामात लागतात म्हणून आठवतात, माझ्या नवऱ्याला नाही आठवणार.

माझ्या घरी साधं डेबियन आणि सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर). सांबा १९९२ पासून आहे, उद्या कुठे पळून जाणार नाही. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, प्रत्येकीला तीन वर्षं नेहमीचा आणि पुढे दोन वर्षं एलटीएसचा, म्हणजे लांब मुदतीचा, आधार मिळतो. म्हणजे आळस केला तरी पाच वर्षं. सुरक्षेचे अपडेट रात्री आपोआप बसतात, ते एकदा चालू करून ठेवायचं. सांबाची माझी फाइल बावीस ओळींची आहे.

डिस्कची रचना अशी. पहिली डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल मांडणी), हीच सगळ्यांना दिसते. दुसरीही ईएक्सटी४, पण शेअर केलेली नाही, घरात कोणाला ती आहे हेही माहीत नाही. रात्री तीन वाजता आरस्नॅपशॉट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर पहिलीची प्रत दुसरीवर घेतं. सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या, सहा महिन्यांच्या प्रती राहतात. न बदललेल्या फायली हार्डलिंकने (एकाच फाइलला अनेक नावं देऊन) जोडलेल्या असतात, त्यामुळे सतरा प्रती म्हणजे सतरापट जागा नव्हे. मिरर मुद्दाम केला नाही. मिररमध्ये तुम्ही इकडे फोल्डर उडवला की तिकडेही त्याच क्षणी उडतो.

शेवटचा_डबा | रविवार, दुपारी २.१०

त्यासाठीच तर स्नॅपशॉट असतात ताई. आणि करड्या फोटोचं काय, तुमच्या ईएक्सटी४ ला तो कळणारच नाही.

मधली_सुट्टी | रविवार, दुपारी २.३८

नाही कळणार, मान्य. फोटोंच्या फोल्डरची चेकसमची यादी करून ठेवली आहे, वर्षातून दोनदा ताडून बघते. तुमच्यासारखं आपोआप नाही. पण मला घरी सर्वांत जास्त भीती कशाची वाटते सांगू? आम्हीच केलेल्या चुकीची. माझीच गोष्ट ऐका.

डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू व्हावं म्हणून मी "नोफेल" पर्याय लावला होता. एकदा साफसफाईत पहिल्या डिस्कची साटा केबल ढिली झाली. मशीन छान सुरू झालं. जिथे डिस्क जोडली जाते तो फोल्डर अर्थातच रिकामा. आणि रात्री तीनला बॅकअपने प्रामाणिकपणे त्या रिकाम्या फोल्डरची प्रत घेतली. तेव्हा मी नुसतं आरसिंक (फायलींची नक्कल करणारं साधन) "तिकडे नाही ते इकडेही पुसून टाक" या पर्यायासह वापरत होते. सकाळी बॅकअपची डिस्क चकचकीत मोकळी. पहिली डिस्क शाबूत होती म्हणून बचावले. केबल खोचली, हात थरथरत होते.

तेव्हापासून बॅकअप सुरू होण्याआधी स्क्रिप्ट बघते की डिस्क खरंच जोडलेली आहे का, आणि पहिल्या डिस्कवर एक ठरावीक नावाची फाइल आहे का. ती दिसली नाही तर काही न करता थांबते आणि मेल करते. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, एवढं करा.

ताकभात | रविवार, दुपारी ३.००

पॉपकॉर्न घशात अडकलं. माझा बॅकअप असाच आहे. जाऊन बघतो.

वायरमन_वाशी | रविवार, संध्याकाळी ६.३०

सॉफ्टवेअरवर भांडताय, विजेचं कोणी बोलत नाही. चोवीस तास चालणाऱ्या मशीनचा हिशोब सोपा आहे. २० वॅट म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. ६० वॅट म्हणजे त्रेचाळीस. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाला साडेतीन हजारांचा फरक. तुमचा आय३ बसल्याजागी तीस-चाळीस वॅट खाईल. ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून ठेवा.

यूपीएस लावाच. पण आपल्याकडच्या स्वस्तातल्या ६०० व्हीएच्या यूपीएसला बऱ्याचदा डेटा केबलच नसते, मग वीज गेली हे मशीनला कळणार कसं? माझी युक्ती: यूपीएसवर नसलेलं एखादं उपकरण पकडा. माझ्याकडे हॉलमधला दुसरा वायफाय राउटर आहे. सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे "आहेस का?" विचारतो. सलग पाच वेळा उत्तर नाही आलं की वीज गेली समजायचं आणि शहाण्यासारखं बंद व्हायचं.

आता यातली मेख ऐका. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) "वीज आली की आपोआप सुरू हो" असा पर्याय असतो, तो सगळे लावतात. पण मशीन बंद झालं आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज परत आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलीच नाही! ते झोपूनच राहतं. मी मालवणला आणि घरी तीन दिवस सर्व्हर बंद. उपाय: बायोसमधलाच गजर. रोज सकाळी सातला उठ. चालू असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठतं.

आणि खाडीकाठचे असाल तर पावसाळ्यानंतर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा. हसू नका. इथल्या हवेत एसीच्या कॉइल टिकत नाहीत, तिथे रॅमचे संपर्क काय टिकणार?

निवांत_नौपाडा | रविवार, संध्याकाळी ६.५५

खोडरबराला अनुमोदन. आमच्या ऑफिसात १९९५ सालीही हाच उपाय होता.

खाडीपार | रविवार, रात्री ११.२०

बापरे. एका दिवसात एवढं मिळालं, सगळ्यांचे आभार. काही प्रश्न:

१. अनरेडबद्दल कोणीच बोललं नाही.
२. आईबाबांनी नौपाड्यातून फोटो बघायचे तर?
३. टीव्हीवरून शेअर उघडत नाही. इंटरनेटवर लिहिलंय की एसएमबी१ (शेअर उघडायची जुनी पद्धत) चालू करा.

पारसिक | सोमवार, सकाळी ७.५०

१. अनरेड वेगवेगळ्या मापाच्या आठ डिस्क पडल्या असतील त्यांच्यासाठी छान. प्रत्येक डिस्क स्वतंत्र वाचता येते, काकांच्या परीक्षेत पास. पण पैसे भरून परवाना, आणि तो सहसा बांधलेला असतो ज्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं त्याला. दोन डिस्कसाठी कशाला?

२. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू नका, काही झालं तरी. २०२१-२२ मध्ये इंटरनेटला उघडे असलेले हजारो घरगुती डबे खंडणीवाल्यांनी कुलूपबंद केले होते. तसंही बऱ्याच ब्रॉडबँडवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही. टेलस्केल (तुमच्याच उपकरणांना जोडणारं खाजगी जाळं) टाका, बाबांच्या फोनमध्येही तेच. पाच मिनिटांचं काम.

मधली_सुट्टी | सोमवार, सकाळी ९.१०

३. अजिबात नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो एसएमबी१ मधूनच. टीव्हीसाठी जेलीफिन किंवा साधा डीएलएनए सर्व्हर द्या (दोन्ही टीव्हीला व्हिडिओ-फोटो पुरवतात), शेअरच्या वाटेला लावू नका.

आणि बायकोच्या विंडोजसाठी: पासवर्डशिवायचा "सगळ्यांना खुला" शेअर करू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तसे शेअर उघडायला बऱ्याचदा नकार मिळतो, आणि मग "काल चालत होतं" हे ऐकावं लागतं. प्रत्येकाला नाव-पासवर्ड द्या, एकदा जतन केलं की विषय मिटला.

खाडीपार | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.०५

केलं. काय केलं ते लिहितो.

दोन शनिवार-रविवार दोन गोष्टी करून पाहिल्या. आधी नुसतं डेबियन, मधली_सुट्टी यांच्या पद्धतीने. दोन तासांत उभं राहिलं आणि सुरेख चाललं. मग मुद्दाम आठवडाभर त्याच्याकडे बघितलं नाही, आणि पुढच्या शनिवारी लेकीला म्हटलं, एक नवा वापरकर्ता हवाय, कर. तिला येणार नव्हतंच. मलाही सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो हे आठवायला वीस मिनिटं लागली. आठ दिवसांत ही गत!

मग ओपनमीडियाव्हॉल्ट. मेनूतून लेकीने स्वतः केलं, मी चहा घेत बघत होतो. खाली डेबियनच आहे, डिस्क ईएक्सटी४. एक डिस्क काढून केसमध्ये घालून लिनक्सच्या पेनड्राइव्हवर चालणाऱ्या लॅपटॉपला लावली, सगळं दिसलं. काका, तुमच्या परीक्षेत पास. एक धडा मिळाला: यात फायली हाताने बदलायच्या नाहीत. मी सांबाची फाइल टर्मिनलमधून सुधारली, आणि मेनूतून काहीतरी जतन केल्यावर माझी सुधारणा पुसून गेली. पूर्ण मेनूतून नाहीतर पूर्ण हाताने, मधला मार्ग नाही.

प्लगिन एकच, आरस्नॅपशॉटचं. त्याच्या आधी डिस्क आहे का ते बघणारी ताईंची युक्ती. अ‍ॅप एकच, जेलीफिन. आणि टेलस्केल. इम्मिच (फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघून हात शिवशिवले होते, बायकोने फक्त बघितलं माझ्याकडे.

शेवटचा_डबा | रविवार, दुपारी ४.४०

अभिनंदन. माझं मत तेच आहे. पण चौदावरून एकावर आलात याचा आनंद जास्त आहे.

तिसरी प्रत कुठे ठेवणार? एकाच पेटीत दोन डिस्क म्हणजे चोर एका फेरीत दोन्ही नेतो.

खाडीपार | रविवार, दुपारी ५.१५

नौपाड्यात. इंटरनेटने पाठवायचा विचार होता, पण पूर्ण डिस्क भरली की १०० एमबीपीएसच्या अपलोडने ४ टीबी चढायला सलग साडेतीन दिवसांहून जास्त लागतील. त्यापेक्षा ऐरोलीहून ठाणे दोन स्टेशनं. महिन्यातल्या पहिल्या रविवारी आईकडे जेवायला जातो, तेव्हा एक डिस्क डब्याच्या पिशवीत नेतो आणि तिथली आणतो. आईने ती धान्याच्या कोठीच्या वर, देवाच्या पोथ्यांशेजारी ठेवली आहे.

ताकभात | रविवार, दुपारी ५.२०

ट्रान्स हार्बर लोकलचा वेग कोणत्याही फायबरला मागे टाकतो हे आज सिद्ध झालं.

मधली_सुट्टी | रविवार, रात्री ९.००

छान. आता सूचनांचे मेल खरंच येतायत का ते तपासा. जीमेलला साधा पासवर्ड चालत नाही, २०२२ पासून अ‍ॅप पासवर्ड लागतो. आणि मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नका, मेल पाठवणारंच मेलेलं असू शकतं. दर सोमवारी "मी आहे, डिस्क इतकी भरली, खराब सेक्टर इतके" असा एक मेल यायला लावा. सोमवारी आला नाही की उठून बघायचं.

खाडीपार | पाच महिन्यांनी, बुधवार, रात्री १०.१०

हा धागा वर काढतोय, कारण काल एक गोष्ट झाली.

मी कामासाठी पुण्यात. दुपारी ऐरोलीत थोडा वेळ वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर पाच मिनिटांनी शहाण्यासारखा बंद झाला, वीज लगेच आली, आणि वायरमन यांनी सांगितलं तसंच तो झोपून राहिला. सकाळचा गजर लावलाय, पण सोसायटीच्या सभेसाठी बायकोला संध्याकाळीच इतिवृत्त हवं होतं. मला फोन आला नाही. रात्री मीच केला तर म्हणे, "चालू केला ना, कागदावर लिहिलंय की."

पेटीवर मी कागद चिकटवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात चार ओळी आहेत. निळा दिवा नसेल तर काळं बटण एकदाच दाबा, धरून ठेवू नका. तीन मिनिटं थांबा. नाही झालं तर मागची वायर काढून परत लावा. पासवर्डची वही देवघराच्या खणात.

त्याच्या खाली लेकीने पेनाने पाचवी ओळ घातली आहे, ती मला काल फोटोत दिसली: "बाबांना विचारायच्या आधी वरचं वाचा, ते फोनवर काहीही सांगतात."

पाच महिन्यांत लॉगिन तीनदा. त्यातलं एक उगाचच, बघावंसं वाटलं म्हणून.

वायरमन_वाशी | बुधवार, रात्री १०.३२

गजर दिवसातून एकच ठेवता येतो का तुमच्या बायोसमध्ये? माझ्याकडे मी संध्याकाळी सातला हलवलाय. घरात सर्व्हर लागतो तो तेव्हाच.